चुन्यात भिजलेलं पाचट

"आरं, टाकीत काय कोंबलंस तू? भाकर तव्यावर कच्ची, आन् गॅस गेला!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. आमच्या राहू गावात उभं राहून ती अशी ओरडायची, की नदीपलीकडं मांडवगण फराट्यातल्या बायका आपापले तवे उतरवून ठेवायच्या. निदान मी तरी गावाला तसंच सांगत आलोय.

कोंबलं होतं उसाचं पाचट. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, दावणीला एक म्हैस उरली, आणि एका म्हशीच्या शेणावर आमचा गोबरगॅस चहापुरता पेटायचा. आईनं बजावलं होतं, "धा वर्सं धुराबिगर रांधलं. आता परत चूल फुंकायची ताकद माझ्या छातीत न्हाई." इकडं ऊस तुटला की सगळं शिवार पाचट पेटवून देतं. मी चावडीवर जाहीर केलं, काडी लावू नका, पाचट मला द्या, शेणाची गरजच मोडीत काढतो. लोकांनी इतकं आणून टाकलं, की आमचं दार शोधायला पाहुण्यांना वाटाड्या लागायचा.

पण नुसतं पाचट टाकीत कुजत नाही, तरंगतं. शेणावर त्याचा असा थर बसला, की त्यावर खाट टाकून झोपलो असतो. गॅस भरला की वर येणारं लोखंडी झाकण तिरकं अडकून बसलं. चार दिवस मी बांबूनं उपसत होतो आणि आई चुलीपुढं खोकत होती. तो खोकला ऐकून माझी बडबड बंद पडली. गावात ही गोष्ट माझ्या लग्नापेक्षा जास्त लोकांच्या लक्षात आहे.

वाट सापडली ती विहारात. जयंतीच्या आधी भिंतींना चुना द्यायचं काम आमच्या आळीकडं. आदल्या आठवड्यात मीच केकताडाच्या वाखाचा कुंचला चुन्याच्या बादलीत विसरलो होतो. घोड्याला खरारा करावा इतका राठ कुंचला, पण उचलला तर शेवयांसारखा हातात आला.

"नवा आन जा," शेजारचे आप्पा म्हणाले.

"आप्पा, चुन्यानं ह्याची हाडंच काढली. मंग पाचटाची का न्हाई काढणार?"

"तुझी जीभ बी भिजवून बघ."

कडबाकुट्टीत पाचटाचे बोटभर तुकडे केले आणि जुन्या हौदात चुन्याच्या पाण्यात भिजत घातले. पण आमच्या हाताला चुना एकाच मापानं कालवायची सवय, भिंतीवर बसेल असा घट्ट. आठ दिवसांनी तेच सगळं टाकीत ओतलं आणि होता तेवढा गॅसही गेला. शेणात गॅस करणारे बारके जीव असतात. त्यांना मी जिवंतपणी रंगवून काढलं होतं.

टाकी पुन्हा उपसली. या खेपेला चुना ताकाच्या निवळीसारखा पातळ ठेवला. आठ दिवस भिजलेलं पाचट स्वच्छ पाण्यानं धुतलं, म्हशीच्या शेणात कालवलं आणि रोज थोडंथोडंच सोडलं. आप्पांच्या टाकीतलं जुनं शेणपाणी दोन घमेली मागून आणलं, विरजण म्हणून.

पंधरवड्यानं झाकण सरळ वर आलं. शिरूरच्या एसटी स्टँडवरून दिसत होतं. आप्पा म्हणतात, हातभर. बरं, हातभर. पण शेगडीवर निळा जाळ लागला, आईनं भाकरी टाकली आणि ती टम्म फुगली. मी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभा.

"बोल आता," मी म्हटलं, "साऱ्या शिरूर-दौंडात असा गॅस कुणाकडं हाय का?"

आईनं भाकरी उलटली.

"फुडच्या आठवड्याचं भिजत घातलंस का?" ती म्हणाली.