केनीच्या लग्नातला पेनड्राइव्ह

माझा नवरा प्लासिड बँकेतून रिटायर झाला आणि भुईगावातल्या बिघडलेल्या लॅपटॉपांना आमची ओटी मिळाली. त्याची विद्या एवढीच, एक इवलासा प्रोग्राम. तो इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही. पेनड्राइव्ह लावला की त्यावर विंडोज चढवतो आणि त्या पेनड्राइव्हवरून मेलेला लॅपटॉप उठतो. त्याआधी पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना येते. प्लासिड ती वाचत नाही. क्रूसाची खूण करतो आणि ओके दाबतो. देवावर भार टाकला की डोळे उघडे ठेवायची गरज नाही, असं त्याला वाटत असावं.

मंगळवारी शेजारच्या कॅथरिनबायचा लॅपटॉप आला, पेनड्राइव्हसकट. त्यावर तिच्या नवऱ्याचा, पास्कलचा आवाज होता. पास्कलला जाऊन वर्ष झालं. घरच्या रोझरीच्या प्रार्थनेत 'नमो मारिया'चा पहिला भाग तो म्हणायचा, उरलेला ती. अजूनही रोज संध्याकाळी सातला ती त्याचं रेकॉर्डिंग लावते आणि मधल्या जागेत उत्तर देते. कुंपणापलीकडून आम्हाला दोघांचे आवाज येतात.

गावातल्या केनीच्या लग्नात गावभर एकसारखे पेनड्राइव्ह वाटले होते, पांढरे, वर सोनेरी क्रूस. प्लासिड कामाला त्यातलाच वापरतो, कॅथरिनबायचाही त्यातलाच. त्याने दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि नको तो उचलला.

साडेचारला लॅपटॉप झकास सुरू झाला. उरलेला पेनड्राइव्ह लावून पाहिला, तर त्यावर प्लासिडचंच जुनं विंडोज; म्हणजे पुसला गेला तो कॅथरिनबायचा.

"तरी सांगत होते, नावाची पट्टी चिकटव!" मी ओरडले. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय त्याने केले. फायलींची नावं आली, आवाज नाही. ज्यावर रेकॉर्ड केलं होतं तो पास्कलचा मोबाइल कधीच भंगारात गेलेला.

सातला पाच कमी असताना आम्ही दोघं गेलो. कॅथरिनबाय मेणबत्ती लावून बसली होती.

"बाय, माझ्या हातून पास्कलचा आवाज पुसला गेला," प्लासिड म्हणाला आणि रडायलाच लागला.

तिने त्याच्या हातातला पेनड्राइव्ह घेऊन मेणबत्तीपाशी ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सात वाजले.

"सुरू कर," ती म्हणाली.

"बाय, त्यात काही उरलं नाही."

"तुला सांगतेय. पाठ आहे ना?"

प्लासिडने कापऱ्या आवाजात 'नमो मारिया' सुरू केलं. दोनदा अडखळला. तिने प्रत्येक वेळी उत्तर दिलं. संपल्यावर मेणबत्ती विझवत म्हणाली, "पास्कल एवढी घाई करत नसे. उद्या सावकाश म्हण."