येसरवाल्या आक्कांची उलटतपासणी

ती घटना मी विसरायची म्हटली तरी घरचे विसरू देत नाहीत. पाहुणे आले, चहा झाला, की बायको हळूच म्हणते, "अहो, त्या आक्कांची केस सांगा की." मग मी थोडे आढेवेढे घेतल्याचं नाटक करतो आणि कुणी "राहू द्या" म्हणायच्या आत सुरू होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेली म्हैस स्वतःहून ठाण्यात चालत आलेली पाहिली. पण माझी लाडकी केस म्हणजे एका दुकानाची चोरी. त्या दुकानाला शटर नव्हतं, कुलूप नव्हतं आणि भिंतीही नव्हत्या.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात, मुरुमच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कर्नाटकची हद्द इतकी जवळ, की आमच्याकडची भांडणं मराठीत सुरू होऊन कानडीत मिटायची. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. आरोपीचं तर नाहीच, कारण त्याची मामी अजून मला रस्त्यात दिसते.

उन्हाळा तापायला लागला होता. मी स्टेशन डायरी बघत बसलो होतो. तेवढ्यात बाहेर सवाऱ्या वाहणारी वडाप जीप थांबली आणि बायकांचा असा गलका उठला, की कोठडीतला आरोपीही गजापाशी येऊन उभा राहिला. सगळ्या पन्नाशी-साठीच्या. ठाणे अंमलदार म्हणून बसलेले आमचे हवालदार फार शिस्तीचे. जन्मभर एकाच क्रमाने प्रश्न विचारत आलेले.

"काय चोरीला गेलं?"

"दुकान."

"फोडलं? माल काय काय गेला?"

"माल हाय की घरी. दुकान गेलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, माल घरी आणि दुकान गेलं? कुठं होतं हे दुकान?"

"इसमें!" एका बाईनं त्यांच्या नाकासमोर मोबाईल धरला. "क्या हवालदारसाब, दुकान बोले तो चार भिंतीच होना क्या?"

ही चाची. तिच्या सासरी पिढ्यानपिढ्या बांगड्यांचा धंदा. मी सगळ्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, आणि एका वेळी एकीनंच बोलायचं असं ठरवून दिलं. अर्थातच ते कुणी पाळलं नाही. तरीही हळूहळू हकीकत कळली.

दुकानाच्या मुख्य आक्का. शेतकरी घरातल्या, साठी ओलांडलेल्या, येसर करण्यात नावाजलेल्या. येसर म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेलं ते पीठ. त्याची आमटी पंक्तीत फिरल्याशिवाय आमच्याकडं लग्न लागल्यासारखं वाटत नाही. एकदा आक्का येसर भाजत असताना चाचीनं सहज व्हिडिओ काढला. त्यात आक्का शहरातल्या सुनांना झापत होत्या, "पोरींनो, पाकीट फोडून आमटी हुत नसती! नाकाला वास सांगतो, घड्याळ न्हाय!" चाचीनं तो इंटरनेटवर टाकला, आणि ते झापणं लोकांना इतकं गोड लागलं, की पुण्या-मुंबईहून माणसं पैसे देऊन बोलणी खायला येऊ लागली. मग पेज निघालं, ऑर्डरी आल्या, गल्लीतल्या बायका दळणाला आणि पाकिटं भरायला बसल्या. चाचीनं कुरिअर सांभाळलं. आक्का रोज थेट प्रक्षेपण करायच्या, आणि नुसतं 'हाय' लिहिणाऱ्या गिऱ्हाइकालाही विचारायच्या, "जेवलास का बाळा?"

आणि एका दिवशी ते पेज उघडेना. कुणीतरी ते ताब्यात घेतलं होतं. तो त्यावर लग्नसराईच्या ऑर्डरी घेत होता, आगाऊ पैसे गोळा करत होता, आणि माल म्हणून काहीच पाठवत नव्हता. शिव्या मात्र आक्कांच्या नावाला बसत होत्या.

"पासवर्डचा नंबर मोबाईलवर आला असेल," मी म्हणालो. "तो कुणी सांगितला?"

सगळ्या बायका पंख्याकडं बघू लागल्या. कोपऱ्यात पदर ओढून बसलेल्या आक्का पहिल्यांदाच बोलल्या.

"म्या दिला."

"का दिलात?"

"त्यानं गुडघा इचारला."

"म्हणजे?"

"फोन आला. म्हणला, मावशी, कंपनीतनं बोलतोय. तुमच्या नावापुढं खऱ्या दुकानाची निळी टिकली लावायचीय. आन् मग म्हणला, गुडघा कसा हाय आता? व्हिडिओत म्हणला होता न्हवं, दुखतोय म्हणून." त्यांनी दाराकडं एक नजर टाकली. "साहेब, माझ्या पोटच्या पोरानं इचारला न्हाय कधी. येवढ्या मायेनं बोलल्यावर त्यानं नंबर मागितला, तर न्हाय कसं म्हणायचं?"

पोटचा पोरगा दारातच उभा होता. चाळिशीचा, घामाघूम, शर्टाच्या खिशात आक्कांचा मोबाईल. "साहेब, आता हे सगळं बंद," तो म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा उरली न्हाय. मोबाईल म्या काढून घेतलाय. आये, उठ, फिर्याद दिली की घरी चल. नातवंडं सांभाळ."

आक्का उठल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "साहेब, सारी म्हणत्यात, आक्का चोर हाय. पेज गावंल न्हाय गावंल, माझं नाव गावंल का?"

गुन्हा दाखल झाला. सायबर शाखेला पत्र गेलं. काही दिवसांनी माहिती आली, ती अशी, की पेजवर त्यानं दिलेल्या नंबरचं सिमकार्ड दूरच्या राज्यातल्या कुणा भलत्याच माणसाच्या नावावर, पण फोन मधूनमधून चालू होतो तो आमच्याच टॉवरखाली. मी खुर्चीत ताठ बसलो. चोर शेजारीच! पण त्या टॉवरखाली गावं बरीच, आणि मोबाईल नाही असं घर एकही नाही.

ठरवलं, गिऱ्हाईक बनून त्याला बोलतं करायचं. आक्का आणि चाचीला बोलावून घेतलं. ओळखीचा नंबर नको म्हणून चाचीच्या घरातला दुसरा फोन घेतला, स्पीकर लावला, आणि बोलायला बसवले आमचे हवालदार.

"लग्नासाठी येसर पाहिजे होता," हवालदार सुरेख बोलले.

"हाँ जी, मिल जाएगा. एडवान्स भेजिए."

"भेजता है. तुमचं संपूर्ण नाव?"

"जी?"

"वडिलांचं नाव? वय? राहणार?"

फोन बंद.

चाचीनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! फोन पे बी पंचनामा?"

हवालदार इतके ओशाळले, की मला हसताही येईना. तेवढ्यात आक्कांनी फोन स्वतःकडं ओढला. "म्या बोलते."

"आक्का, तो आवाज ओळखेल."

"वळखू दे की. म्या कुठं लपले?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी फोन लावलाही होता.

"बाळा, म्या आक्का."

पलीकडून घाईघाईनं, "राँग नंबर."

"राँग न्हाय रं. ठिवू नको. म्या भांडाया फोन केला न्हाय. तू येसर देतो म्हणतोस आन् देत न्हाईस, असं गिऱ्हाईक टिकतंय व्हय? माल म्या करते, इकायचं तू बघ. माझ्यापाशी आता पेजबी न्हाय आन् मोबाईलबी न्हाय. भाजलेला माल सडंल की रं."

मी कान पुढं केला. हवालदारांनीही. आणि लोभ नावाचा आमचा जुना खबरी कामाला लागला.

"कितना माल है?"

"हिंदी नको बाबा, डोस्कं दुखतंय. लागंल तेवढा हाय. जेवलास का?"

"...न्हाय अजून."

ठाण्यात आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. दूरच्या राज्यातला माणूस अस्सल आमच्याकडचं 'न्हाय' म्हणत होता!

"डोक्यावर ऊन आलं, आन् जेवला न्हाईस? काय केलंय घरी?"

"हुग्गी हाय."

"अगं बया, हुग्गी! आज काय रं?"

"जत्रा हाय इथं. मामाच्या गावाला आलोय."

"मग मामीनं वाढलं न्हाय अजून?"

"आधी नैवेद्य, मग पंगत म्हणती."

"बरोबर हाय मामीचं. बस, गरम गरम खा, वर तूप घे. म्या मालाचं बघते." आणि आक्कांनी फोन ठेवला, जणू माहेरी बोलून झालं होतं.

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. हद्दीवरच्या गावांत जत्रेला ती हवीच. आणि कुठल्या गावची जत्रा कधी, हे आमच्याकडच्या बायकांना विचारावं लागत नाही. कुठंतरी लेक दिलेली असते, कुठून तरी सून आणलेली असते. टॉवरखालच्या गावांत त्या दिवशी जत्रा एकाच गावची होती.

हवालदार म्हणाले, "साहेब, खोटंही बोलला असेल."

आक्का त्यांच्याकडं वळल्या. "भाऊ, माणूस नाव खोटं सांगतो, गाव खोटं सांगतो. भुकेल्या पोटी चुलीवर काय शिजतंय ते खोटं सांगत न्हाय."

"और मेरा देवर सबेरे से वहीं चूड़ियां लेके बैठा है," चाची म्हणाली. "चलो साब!"

आक्का आणि चाचीला घेऊन आम्ही साध्या कपड्यांत निघालो. मी हातात नारळ घेतला होता, आणि मी भाविक दिसतोय असा माझा समज होता. चाचीनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "साब, बूट."

तर बूट जीपमध्ये ठेवून, तापल्या फुफाट्यात अनवाणी उड्या मारत मी जत्रेत शिरलो. गाव माहीत झालं होतं, घर राहिलं होतं. घरोघर पोलीस फिरवले असते तर पाखरू उडालं असतं. चाचीनं दिराला उठवलं आणि स्वतः बांगड्यांच्या गाडीवर बसली. आता बांगड्या भरून घेणाऱ्या बाईची अवस्था बघा. हात दुसरीच्या हातात, बांगडी तळव्याच्या मधोमध अडकलेली, उठायची सोय नाही, आणि दुखू नये म्हणून भरणारी सारखं काहीतरी बोलत असते. इतकी उत्तम चौकशीची खोली सरकारनं मला कधी दिली नाही.

"भाचे आले की न्हाय जत्रेला?" चाची प्रत्येकीला विचारत होती. कुणाचे आले होते, कुणाचे रुसले होते. मग एक ठसठशीत मामी आल्या.

"आलाय की एक! रातध्याड माडीवर, दोन दोन मोबाईल घेऊन. मगा म्हटलं, खाली ये रं, नैवेद्य दाखवायचाय. तर मला म्हणतो, 'मॅडम, होल्ड कीजिए!'"

चाचीनं बांगडी तशीच मधोमध थांबवली आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. सेवेत मला वरिष्ठांनी पुष्कळ खुणा केल्या, पण इतकी स्पष्ट एकही नव्हती.

"आई गं, सरकव की पुढं!" मामी कळवळल्या.

"सरकाती, सरकाती. घर किधर है बोले तुम?"

"मारुतीच्या माघारी, निळं दार."

आम्ही निळ्या दारातून आत गेलो तेव्हा पंगत बसली होती. पंचविशीतला तो भाचा पहिला घास उचलत होता. हवालदार पुढं सरकले, तोच आक्कांनी त्यांची बाही धरली. "ताटावरनं उठवू नका. पाप लागंल."

कायद्यात हे कुठं लिहिलेलं नाही. तरी मी थांबलो. मागचं दार हवालदारांनी धरलं, पुढचं मी. आक्का सरळ जाऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"तूप घेतलं न्हाईस व्हय रं?"

त्यानं आवाज ऐकला, वर बघितलं, आणि घास घशातच अडकला. आक्कांनीच तांब्या पुढं केला. "पाणी पी. सावकाश. मग म्या मागते तो नंबर सांग. तुला म्या सांगितला होता तसा."

मामीला सगळं कळलं तेव्हा त्या उलथनं घेऊन धावल्या. त्या क्षणी आरोपीनं स्वतःहून माझा दंड धरला आणि म्हणाला, "साहेब, मला ठाण्यात न्या!" दोन्ही मोबाईल पंचांसमक्ष जप्त केले. त्यानं जागेवरच कबूल केलं. रीतसर अटक झाली, पुढं आरोपपत्र न्यायालयात गेलं, आणि सायबर शाखेच्या लोकांनी कागदपत्रं करून पेज परत मिळवून दिलं.

पेज मिळालं, नाव अजून मिळायचं होतं. बायकांचं म्हणणं, सांगून टाकू की कंपनीकडून गडबड झाली होती. आक्का ऐकेनात. चाचीच्या फोनवर त्या लोकांसमोर बसल्या, तेव्हा आम्ही ठाण्यात सगळे एका मोबाईलभोवती गोळा झालो होतो.

"लेकरांनो," त्या म्हणाल्या, "नंबर म्याच दिला हुता. चूक माझी. कुणी गोड बोललं तर आशीर्वाद द्या, नंबर देऊ नका. ज्यांचा येसर पोचला न्हाय त्यांनी पत्ता लिवा. म्या भाजते. फसवलं त्यानं, पण माणसं माझ्या नावाला भुलली हुती."

मग पत्ते येऊ लागले, आणि पत्त्यांच्या मधून दुसरंच काहीतरी. 'आक्का, तुम्ही जेवलात का?' एकानं लिहिलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. चाची वाचून दाखवत होती आणि आक्का पदरानं डोळे पुसत पुन्हा झापायला लागल्या होत्या, "आरं पत्ता लिवा, पत्ता! जेवणाचं काय इचारताय!"

दुसऱ्या दिवशी पेज परत मिळाल्याच्या कागदांवर आक्कांची सही घ्यायला मी गेलो, तेव्हा घरभर येसराचा वास होता. आक्कांचा मुलगा पाकिटं पोत्यात भरत होता. मला बघून ओशाळला. मग खिशातून मोबाईल काढला, शर्टाला पुसला आणि आईच्या मांडीवर ठेवला. "चार्ज करून ठिवलाय," एवढंच म्हणाला. जाता जाता उंबऱ्यात थांबला. "आये, गुडघ्याला तेल आणू का येताना?"

आक्कांनी त्याच्याकडं बारकाईनं बघितलं. "नंबर पाहिजे का रं तुला माझा?" आणि चाची हसून हसून पाकिटांच्या ढिगावर आडवी झाली.

माणूस फसला की आपण आधी त्याच्या हातातली वस्तू काढून घेतो. पोरं घेतात, शेजारी घ्यायला लावतात, आणि पोलिसांचाही सल्ला तोच असतो, आता ते वापरू नका, तुमचं काम नाही. त्यानं चोराचं काही बिघडत नाही. फसलेला माणूस मात्र कायमचा कोपऱ्यात बसतो, आणि चोराला पकडायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा कुणी नसतो. त्या केसनंतर मी तो सल्ला द्यायचं सोडून दिलं. निवृत्त होईपर्यंत अशा किती आया-मावश्या ठाण्यात पदर ओढून बसल्या. त्यांची फिर्याद लिहून झाली, की शेवटी मी एकच प्रश्न विचारायचो, "दुकान परत कधी उघडताय?"