धोतराचा उजेड

"उजेडावर भरोसा नाई, भाऊ," असं म्हणत त्यानं स्टूल सावलीत सरकवलं आणि चहा बशीत ओतला. त्याच्याबरोबर घेतलेला तो शेवटचा चहा. दिग्रसला, त्याच्या फोटोच्या दुकानापुढं. माझी बायको जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी सरळच विचारलं, "आज खरं सांगा. भिंतीवरच्या फोटोतला तो समुद्र कुठचा हाये?"

तो बशीत फुंकत राहिला.

असा माणूस तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडं न पाहता स्वतःचा पंजा उन्हात धरायचा, उलटापालटा करायचा आणि म्हणायचा, "आता नाई. आता डोयाच्या जागी खड्डे येते. ऊन उतरल्यावर या." एका नवरदेवाला त्यानं बाशिंगासकट परत धाडलं होतं. नवरदेवाचा मामा दुकानासमोर उभा राहून शिव्या देत होता आणि हा आपला पंजा पाहत होता.

मी समोरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. शाळा थोडी, तोंड फाटकं. मला हा माणूस पहिल्यापासून खोटा वाटायचा. कुठून आला, कुणाचा कोण, काही पत्ता नाही. घरात बाईमाणूस नाही, आणि भिंतीवर बाईचा फोटो! मोठा, काचेचा. मागं पाणीच पाणी, दोन बाजूंनी बसलेल्या म्हशींसारखे दोन काळे दगड, आणि मधोमध एक बाई, पाठमोरी.

"हे कोकण," तो सांगायचा.

"पानी कोन्या रंगाचं असते तिकडं?" मी खोदून विचारायचो.

"फोटोत दिसते ना."

"फोटो तं काळापांढरा हाये."

"मंग तसंच असते."

आता सांगा, अशा माणसावर कोण विश्वास ठेवेल?

पण माझ्या बायकोचा जीव त्या फोटोवर जडला. बाजारातून येताना ती तिथं थांबायची. तिचा एकही फोटो नव्हता. तिचा खोकला तेव्हा सुरू झाला होता, आणि ती एकदम घाईवर आली. "मले फोटो पाह्यजे. पडद्यावरच्या महालापुढचा नाई. असा पान्यापुढचा."

"कोकणात कोण नेते तुले?" मी म्हणालो.

त्यानं आतून मान बाहेर काढली. "वयनी, कोकण इथंच आणू."

तेव्हा तर माझी खात्रीच झाली, की हा माणूस फसवणार.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पहिल्या एस.टी.नं आम्ही आर्णीच्या रस्त्यावर उतरलो आणि पायवाटेनं एका तलावावर गेलो. पाण्यावर धुकं, समोरून सूर्य. पल्याडचा काठ धुक्यात बुडालेला. फक्त एक टेकडी तेवढी वर निघाली होती.

आणि काठाला दोन काळे दगड. बसलेल्या म्हशींसारखे.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पंजा उन्हात धरला.

बायको म्हणाली, "अवो, हे दगड कुठंतरी पाह्यल्यासारखे वाटते."

काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "दगड सारखेच असते सगळीकडं."

त्यानं डब्यासारखा कॅमेरा पार चिखलाला टेकवला आणि स्वतः पोटावर पालथा पडला. "वयनी, जराशा डाव्या हाताला. अजून. बास! गेली टेकडी." टेकडी तिच्या पाठीमागं लपली आणि राहिलं ते नुसतं पाणी. मग तो करवादला, "तोंड काळं पडून राह्यलं. सूर्य मागं हाये ना. भाऊ, धोतर सोडा."

"काहून?"

"सोडा म्हणतो ना!"

"माह्या बायकोचा फोटो काढाले आले का माहं धोतर सोडाले आले तुमी?"

"पांढरं हाये म्हणून. ऊन त्याच्यावर पडन, अन् तिथून वयनीच्या तोंडावर जाईन. सूर्य थांबनार हाये काय तुमच्यासाठी?"

मी सोडलं. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, त्या थंडीत, दोन्ही हातांनी धोतर ताणून मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहिलो. बायकोनं आधी पदर तोंडाला लावला. मग पदर सुटला. खोकत नव्हती ती. हसत होती.

तोच फोटो आहे माझ्याकडं. दुसरा नाही. मागं समुद्र खोटा आहे. पण तिच्या तोंडावर उजेड आहे, दात दिसतात, कपाळावरचं गोंदण दिसतं.

तर त्या शेवटच्या चहाला मी विचारलं, "तलावच हाये ना तो?"

"तलावच हाये."

"अन् ती बाई?"

"माही घरची." बशी त्यानं खाली ठेवली. "तिलेही समुद्रच पाह्यजे होता."

"मंग तोंड काहून नाई घेतलं तिचं?"

"उजेड समोरून होता, भाऊ. तोंड काळं पडलं असतं. म्हटलं पाठ घेऊ, तोंड मंग कधी घेऊ." पंजा उलटापालटा करत तो म्हणाला, "तवा मले धोतर सुचलं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालो तर दुकानाला कुलूप. पानवाला म्हणाला, पहिल्या गाडीनं गेला, पेटी घेऊन. मी फटीतून आत पाहिलं. भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता. तो पुन्हा कधी दिग्रसला आला नाही.

मी जिनिंगमध्ये गेलो नाही. आर्णीची गाडी धरली आणि तलावावर गेलो. कॅमेरा ठेवला होता ती जागा शोधली आणि त्याच्यासारखाच पोटावर पालथा पडलो. पाण्यावर धुकं होतं. पल्याडचा काठ दिसत नव्हता. दोन्ही दगड जागच्या जागी होते.

मधोमध टेकडी दिसत होती. सगळीच्या सगळी.