नागपूरच बरं

परवा नागभीडहून येताना रस्त्याकडेला तेंदूपत्ता वाळत घातलेला दिसला. उन्हात भाजलेल्या पानांच्या त्या कडसर वासाने मला ऐंशीच्या दशकातल्या एका दुपारी नेऊन सोडलं.

बाबा तेव्हा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे हिशेब ठेवणारे मुनशी होते. मजूर बायका पानांचे पुडके ओळीने मांडत होत्या आणि मी बाबांशेजारी बसून मोजणी लिहीत होते. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी मला नागपुरात पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईच्या नामांकित संस्थेतही नाव लागलं होतं, पण तिथला सगळा खर्च घरून करावा लागणार होता. मला मुंबईलाच जायचं होतं.

"तिले काय पाह्यजे ते तं विचारा," डबा घेऊन आलेली आई म्हणाली.

"तिचा हिशेब पक्का हाय," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काऊन बाई, फुकट भेटून राह्यलं तं पैसे कायले टाकाचे?"

मी मनात बेरीज केली. मुंबईच्या खर्चात बाबांचा दोन वर्षांचा पगार जात होता. "नागपूरच बरं," मी म्हणाले.

"पाहा, पोरगी असावी तं अशी!" बाबांनी बायकांना ओरडून सांगितलं. माझी मान ताठ झाली.

तीन वर्षांनी धाकट्या भावाला त्याच शिक्षणासाठी देणगी भरून पुण्याला घातलं. मी खर्च विचारला, तर बाबा म्हणाले, "तिथं नाव हाय, बाई. नावाचा हिशेब नाई करत."

मला मुंबईला कोणी नाही म्हटलंच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. उरली ती शाबासकी. तिच्यावर मी त्या दिवशी दिवसभर खुशीत होते, याचीच आता सगळ्यात जास्त चीड येते.