काडीतली तार

सकाळच्या उन्हात चष्मा खिडकीत ठेवला होता. मधाच्या रंगाची फ्रेम आरपार उजळली आणि काडीच्या पोटात एक बारीक काळी रेघ दिसली. तार होती ती. कानामागे टोक टेकतं तिथं प्लास्टिक झिजून उघडीही पडली होती.

मला धातू सोसत नाही. मंगळसूत्राचे मणीसुद्धा मी नुसत्या दोऱ्यात ओवते. म्हणून तर सगळी दुकानं पालथी घालून ही फ्रेम मिळवली होती. बिजागरीसुद्धा प्लास्टिकची. "ताई, यात धातूचा कणही नाही," आमच्या नेहमीच्या चष्मेवाल्या काकांनी सांगितलं होतं.

तशीच दुकानात गेले. काकांनी तार पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, काडीत तार असतेच. नाहीतर ती आकार कसा धरणार? मला वाटलं, तुम्हाला बाहेरून नको आहे."

बाहेरून! किती माणसं अशी वरून मऊ असतात, आणि आतल्या ज्या तारेवर उभी असतात, ती सांगण्याची त्यांना गरजच वाटत नाही.

पण घरी येईपर्यंत काकांवरचा राग टिकेना. सहा महिने कानामागं खाजत होतं. मी साबण बदलला, तेल बदललं. घरचे म्हणाले, "तुझ्या मनाचे खेळ आहेत," तेही मानलं. माझं कातडं पहिल्या खाजेपासून खरं तेच सांगत होतं, आणि मी रोज पावडर फासून त्यालाच गप्प बसवत होते.