बसल्या जागी पाच व्होल्ट

जानेवारीचा तिसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. ठिकाण करडीचा तलाव. हजर : वहिनी, मासेमारी करणारे शालिकभाऊ आणि मी. गैरहजर : दादा.

अशी हजेरी घेतली की तो चिडवायचा, "ऑफिस घरी ठेवून येत जा ना वं बाई!" त्याला जाऊन सहा आठवडे झाले. तो गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या हातात त्याला विचारायच्या गोष्टींची यादीच होती... तब्येत, गोळ्या, बोट. पहिल्या दोन्हींचं उत्तर ठरलेलं, "ठीक हाय." बोटीवर मात्र अर्धा तास बोलायचा.

जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने रिमोटवर चालणारी हातभर लांबीची बोट बनवायला घेतली. शालिकभाऊंचा गुडघा दुखायचा. जाळ्याची दोरी पलीकडच्या काठावर न्यायला त्यांना थंड पाण्यात उतरावं लागू नये, ती बोटीने न्यावी, असा त्याचा बेत. त्याने त्यांना शब्दच दिला होता. पण बोट तलावाच्या मध्यावर जाऊन बंद पडायची आणि दहा मिनिटांनी आपली आपण सुरू व्हायची. "तुमची बोट जेवाले बसते काय जी?" शालिकभाऊ विचारायचे. "थंड होऊन राहिली. येते," दादा म्हणायचा.

बिघाड व्होल्टेज रेग्युलेटरचा होता. बॅटरीचे सात-आठ व्होल्ट पाचावर आणून देणारा तो तीन पायांचा काळा तुकडा. दिवाळीत आम्ही दोघं तपासायला बसलो. मी मीटरची टोकं लावली, बरोबर पाच आले, मी वहीत टिक केली. "खोड ते," तो म्हणाला. "बसल्या जागी सगळेच पाच दाखवतेत. वजन देऊन पाह्य." त्याने सुकाणू फिरवणारी मोटर जोडली आणि सुकाणू बोटाने दाबून धरलं. थोड्या वेळाने आकडा घसरू लागला. चार... तीन... तुकडा इतका तापला, की हात लाववेना. पाणी शिरू नये म्हणून बोटीतली त्याची डबी इतकी गच्च बंद केलेली, की वाऱ्यालाही वाट नव्हती.

त्याने मोठा रेग्युलेटर मागवला. त्याची उष्णता ओढून घ्यायला पट्टी हवी, म्हणून कारखान्यात न्यायच्या आपल्या जेवणाच्या डब्याचं ॲल्युमिनियमचं झाकण कापलं. वहिनी ओरडल्या. "आता डबा कोण नेते?" एवढंच तो म्हणाला.

त्याच दिवशी तलावाचा बांध चढताना तो तीनदा थांबला.

"काहून थांबला रे दादा?"

"थंड होऊन राहिलो."

आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं : तब्येत ठीक.

परवाच्या त्या रविवारी, नवा जोडायचा राहिलेला असतानाही, जुन्याच रेग्युलेटरवर बोट सोडली, कारण वहिनींना ती एकदा पाण्यात पाहायची होती. मध्यावर ती थांबली. आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने वहिनीच हळूच म्हणाल्या, "येते..." आणि ती आली. शालिकभाऊंनी तिला उचलून उपरण्याने पुसलं. मग दोरी घेऊन ते स्वतः पाण्यात उतरले.

बोट आता माझ्या टेबलावर आहे. शेजारी झाकणाची ती पट्टी. तिच्यावर भोकं कुठे पाडायची, त्यासाठी दादाच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा. भोकं मी पाडली, खुणा तेवढ्या राहू दिल्या. नवा रेग्युलेटर जोडला की बोट मध्ये थांबणार नाही, कोणाला बांधावर बसून वाट पाहावी लागणार नाही. शालिकभाऊंचा काल फोन आला, "कवा आणता जी बाई?"

पट्टीला भोकं : झाली. रेग्युलेटरची जोडणी : बाकी.