शिकाऱ्यांच्या नकाशातला शिळा ठिपका

लोकांना वाटतं, किस्से शिकल्यासवरल्या माणसांकडे असतात. अजिबात नाही. किस्से असतात जेवण वाढणाऱ्या बाईकडे! हातात पळी असली की समोरच्याला वाटतं, हिला कानच नाहीत. मी इकडे परदेशात, श्रूजबरी नावाच्या गावात, एका छोट्या ऑफिसात दुपारचा स्वयंपाक करते. शाळा चौथीपर्यंत. पण त्या ऑफिसातलं मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं मालकालाही नसेल.

*

मालक म्हणजे नागपूरचा संदीप. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही बनवता काय?"

"शिकाऱ्यांसाठी मोबाइलवरचा नकाशा, काकू. जंगलात आपण कुठे उभे आहोत, कोणाची जमीन कुठे संपते, सगळं दिसतं."

"तू करतोस शिकार?"

"छे! मी अंडंही खात नाही."

पुण्याची ऋचा स्क्रीनवरची चित्रं आणि बटणं काढते. ती तर चहात दूधसुद्धा घेत नाही. खरा शिकारी एकटा डेल, साठी उलटलेला गोरा. तोही मला काकूच म्हणतो. त्याला वाटतं, ते माझं नाव आहे.

मी मनात म्हटलं, हरणांनो, निवांत झोपा!

*

भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. पुढच्या व्हर्जनमध्ये काय काय सुधारायचं, ते एकेका चिठ्ठीवर. त्यातली एक होती, "हातमोजे घालून वापरता आलं पाहिजे." संदीपने मला ओव्हनचे जाडे मोजे घालायला लावले आणि फोन पुढे धरला.

"दाबा काकू."

मी दाबलं. एकदम तीन बटणं दाबली गेली आणि नकाशा सरकत सरकत कॅनडात गेला!

संदीप खूश. "बटणं मोठी करा रे! काकूंना जमलं की कडाक्याच्या थंडीत कोणालाही जमेल."

"माझं बोट जाड आहे," मी म्हटलं, "डोकं नाही."

त्या दिवशी त्याला भाजी मागूनच घ्यावी लागली.

*

आता आमच्या ह्यांचं. एकोणीस वर्षं गोदामात राबले, मग ते गोदाम बंद पडलं. तेव्हापासून खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायचे. जुन्नरकडच्या डोंगरात वाढलेला माणूस, आणि दिवसभर समोरचं पार्किंग बघायचा! संदीपला जंगलात हिंडून नकाशा तपासणारा माणूस हवा होता. मीच म्हटलं, "ह्यांना घेऊन जा."

बोलून गेले आणि मग ध्यानात आलं. शिकारीचा सीझन. झाडामागे कोण बंदूक घेऊन बसलंय, काय सांगावं? त्यात ह्यांना डायबेटिस. काही झालं तर धाडणारी मीच ना!

डेलने भडक नारिंगी जाकीट आणलं. मी त्यावर नारिंगी टोपी चढवली. तरी जीव राहीना, म्हणून माझी एक जुनी नारिंगी साडी फाडून तिच्या पट्ट्या बॅगेला बांधल्या.

डेल म्हणाला, "काकू, हा आता विमानातूनपण दिसेल."

"दिसू दे! विमानातून गोळी नाही मारत कोणी."

*

पहिल्या दिवशी ऑफिसच्या स्क्रीनवर ह्यांचा हिरवा ठिपका होता. मी पोळ्या लाटत लाटत बघत होते. एक तास झाला, ठिपका तिथेच. दोन तास, तिथेच. तवा तसाच टाकून मी धावले.

"संदीप, हे पडलेत कुठेतरी!"

"नाही हो काकू, तिकडे रेंज नाही. हे त्यांचं दोन तासांपूर्वीचं ठिकाण आहे."

"म्हणजे ठिपका शिळा! आणि तो ताज्यासारखा हिरवागार दाखवतोस?"

मी फ्रिज उघडला, आमटीचा डबा काढून त्याच्या कीबोर्डवर आदळला. त्यावर पट्टी चिकटवलेली, मंगळवार, सकाळी दहा. "माझ्या फ्रिजात वेळ लिहिल्याशिवाय आमटी जात नाही. तू माणूस ठेवलास!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी चिठ्ठी आली. जुना होईल तसा ठिपका फिका पडला पाहिजे, शेजारी वेळ दिसली पाहिजे. जिथे रेंज नाही तिथे उपग्रहावरून निरोप धाडणारी एक डबीही ह्यांच्या बॅगेला लागली.

आणि हे? संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "थंडी होती." बास!

*

डबी आल्यावर ठिपका ताजा झाला. पण हलेना तो हलेनाच.

डेल हसला. "काकू, जो हलतो तो शिकारी नाही. आम्ही चार चार तास झाडावर दगडासारखे बसतो. मीच त्याला सांगितलंय, तसं बसून बघ."

"मग बसलेला कोण आणि मेलेला कोण, हे तुमच्या नकाशात कसं कळतं?"

संदीप घास ताटात टाकून उठला.

चिठ्ठी लागली. दर तासाला फोन थरथरणार आणि विचारणार, "ठीक आहात का?" डेलने कपाळाला हात लावला. "त्या थरथरीने हरीण पळेल!"

"पळू दे! हरणं पुष्कळ आहेत."

ऋचाने तीन बटणं काढली. हो, नाही आणि नंतर सांगतो.

"तिसरं काढून टाक," मी म्हटलं. "सगळे पुरुष तेच दाबतील."

*

मग एक दिवस डेल दुखरा गुडघा धरून ऑफिसातच बसला होता. हे एकटेच गेलेले. ह्यांच्या फोनमध्ये ऋचाने सगळं मराठीत करून दिलं होतं. दहा वाजता उत्तर आलं, हो. अकराला, हो. मी भात लावला.

बाराला स्क्रीन लाल झाली. नाही.

गॅस कोणी बंद केला, मला आजही माहीत नाही. संदीपने गाडी काढली. डेलने गाडीतूनच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ह्यांची साखर उतरली असेल म्हणून मी मुठीत खडीसाखर धरून बसले होते, पंचवीस मिनिटांत ती घामाने चिकट झाली. माझ्या तोंडातून एकच चाललं होतं, "मीच पाठवलं. मीच पाठवलं."

जंगलाशी पोचल्यावर मी कोणाची वाट बघितली नाही. फोन पुढे धरून पाचोळ्यातून पळत सुटले. नारिंगी दिसलं. आडव्या पडलेल्या एका झाडावर हे बसले होते. ताठ. हात गुडघ्यांवर, शेजारी जेवणाचा डबा, न उघडलेला.

मी कपाळ बघितलं, छाती बघितली, पाय चाचपले. खडीसाखर तोंडात कोंबली. "चक्कर आली? छातीत दुखतंय? पडलात? गोळी चाटून गेली का?"

"नाही गं. काही नाही झालं."

"मग नाही का दाबलं? माझा जीव गेला असता!"

ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मग हळू म्हणाले, "त्याने विचारलं, ठीक आहात का."

"बरं, मग?"

"मग... नाहीये."

तेवढ्यात संदीप धापा टाकत पोचला, काखेत लॅपटॉप. "काकू, काय झालं? चुकून दाबलं गेलं का? बग आहे का काही?"

मी ह्यांच्या शेजारी झाडावर बसले.

"डेलला म्हणावं, ॲम्ब्युलन्स परत पाठव," मी म्हटलं. "तुझं ॲप बरोबर चाललंय. तू जा, गाडीत बस."